पाण्याच्या खुणा

एर्लेनवेरच्या गिरणीच्या भिंतीवर
नदीने आपली उंची लिहून ठेवलीय:
१६८२, गुडघ्याएवढी.
१७८४, बर्फासकट, खिडकीपर्यंत.
१९०९ च्या रेघेवरून मात्र अजून भांडण आहे;
पाववाल्या रोएडरचे आजोबा म्हणे
ती दोन बोटं वर कोरून आले, रात्री, पिऊन.

गाव तसं काटेकोर.
रविवारी कुणी लाकूड फोडत नाही,
उसना नेलेला हातोडा पुसूनच परत येतो,
आणि मेलेल्याची सायकलसुद्धा
कुलूप लावून उभी असते.

नव्वदी ओलांडलेल्या इर्मट्राउटबाई
दर शनिवारी व्हिनेगर घेऊन येतात.
भिंतीकडे बघतही नाहीत.
फरसबंदीत बसवलेले चार पितळी चौकोन
ओणवून घासतात:
कापडवाले हिर्शलांड, बायको, दोन मुली.

मी विचारलं, त्या वर्षी कुठवर चढलं होतं पाणी?

"कोरडं गेलं ते वर्ष.
नदीने पायरी सोडली नव्हती.
खिडक्या आम्हीच लावून घेतल्या."

फडकं पिळलं. पुन्हा भिजवलं.
"धाकटीची पाटी माझ्याकडे आहे अजून,"
त्या म्हणाल्या,
"पुसून ठेवलेली."