किटलीतला जुलै

गिमलीत रात्री पारा उणे चारला आला,
तशी गुद्रुननं मागच्या अंगणातल्या ट्रेलरची टाकी सोडली.
गवतात धार, मग थेंब,
मग नळाचा नुसताच घसा.
पंपानं ओढलेलं गुलाबी औषध
आधी सिंकमध्ये उतरलं,
शॉवरला मात्र बराच वेळ खोकला.

बॅटरी पोटाशी धरून तळघरात नेली.
उंदरांच्या वाटेत तारेची घासणी कोंबली.
गाद्या उभ्या करताना सापडला
हाल्डोरचा एक मोजा, आत अजून वाळू.
तो तिथंच राहू दिला.

दार ओढता ओढता किटली आठवली.
हलवून पाहिली: तळाशी जुलै होता,
तळ्याकाठच्या नळावर भरलेला, कपभर.
ओतायलाच हवा. गोठला तर पत्रा उलेल.

पायरीवर बसून,
गार तसाच,
गुद्रुन तो प्यायली.

जरा गंजाचा लागला.