माशी कुठे शिंकली

ये ट्राउगॉट, बस. आधी हात पुसून घे.
कुंचल्याला खारीच्या शेपटीचे केस आहेत,
त्यांना तुझ्या पावावरचं लोणी नको.

हा पेला उजेडात धर. काय दिसतं?
मेंढपाळीण, म्हणतोस.
नीट बघ. पायात रेशमी जोडा,
टाच बोटभर उंच.
मेंढ्या तीन, तिन्ही न्हालेल्या,
आणि सबंध कुरणात एक लेंडी नाही.
तुझी आई फ्रायबर्गच्या वाटेला मेंढ्या राखते ना?
तिला हे दाखवू नकोस.

ही मेंढपाळीण नव्हेच.
ही दुपारी दोनला उठलेली बाई आहे,
जिला अधूनमधून वाटतं
की आपण गरीब असतो तर किती हलकं वाटलं असतं.
ते वाटणं रंगवायचे
आपल्याला डझनामागे अकरा ग्रोशन मिळतात.

बशीवर झोका आहे.
झोका देणारा झुडपात ठेवायचा,
बोटं फक्त चार दाखवायची.
चॉकलेट निवेपर्यंत पाहुण्यांना
कुजबुजायला काहीतरी लागतं.

आणि हा छत्रीखाली गळ टाकून बसलेला चिनी म्हातारा.
एल्बेच्या या काठावर चीन कोणी पाहिलाय?
मी त्याला माझ्या सासऱ्याचं नाक दिलं.
वीस वर्षं ते नाक
सरदारांच्या ओठांपाशी जाऊन येतंय.
सासरे बिचारे
मुदपाकखान्याच्या पायरीवरूनच परत फिरायचे.

बरणीतला तो मळकट रंग सांडू नकोस,
सोनं विरघळवून केलाय.
लावताना चिखल, भट्टीतून निघतो तेव्हा गुलाबी.
म्हणजे आपण गाल रंगवतो
तेव्हा गाल आपल्याला दिसत नाही.
सवय होईल.

आता दांडीच्या खाली अंगठा फिरव. हळू.
लागलं? टाचणीच्या टोकाएवढा खळगा.
माती मळताना, झिलई देताना,
की लाकूड ओलं होतं म्हणून,
माशी कुठे शिंकली ते कळत नाही.
पेला फेकायचा नाही. हेर त्सायडलर फेकू देत नाहीत.
त्या खळग्यावर माशी काढायची.
खरीखुरी माशी,
पोट बरोबर भोकात बसेल अशी.

माझी एर्डमूथ वाड्यावर हीच भांडी विसळते.
ती सांगते, एकदा जेवणं झाल्यावर
एक पाद्री आणि एक कॅप्टन
पाऊण तास या माशीवरून भांडत होते.
पाद्री म्हणे, ही मरणाची आठवण.
कॅप्टन म्हणे, छे, हा प्रियकर,
गोड असेल तिथे घोंघावणारा.
काउंटेस काही बोलली नाही.
तिचं बोट गालाकडे गेलं.
तिथे काळ्या रेशमाची टिकली असते,
देवीच्या व्रणावर डिंकाने चिकटवलेली.
फ्रेंच लोक तिला माशीच म्हणतात.
मग तिने पेला उचलला, म्हणे,
आणि दांडीखाली नखाने चाचपून पाहिलं.

एर्डमूथ तबक घेऊन समोर उभी होती.
तिच्या चेहऱ्यावर नऊ व्रण आहेत, मी मोजलेत.
त्याच साथीतले, त्याच हिवाळ्यातले.
दोघींची नजर भेटली, असं ती म्हणते.
मग काउंटेसने पेला बशीत ठेवला
आणि म्हणाली, हे गार झालंय.

मी विचारलं, मग पुढे?
पुढे काय, बाबा. गरम आणलं.

असो. मला आता माशीचे पाय
कधी चार दिसतात, कधी नऊ.
म्हणून तुला बोलावलं.
सहा काढ. पंख असे पातळ
की मागचा पांढरा दिसला पाहिजे.
आणि सावली दे,
सावली नसली तर ती माशी नाही, नुसता डाग.
खिडकी डावीकडे आहे.
त्यांच्या दिवाणखान्यातही डावीकडेच असेल
असं धरून चाल.