हवा भरून मिळेल

फाट्यावर माझं दुकान होतं. दुकान म्हणजे
एक पाल, एक घमेलं पाणी आणि पाटी:
हवा भरून मिळेल.
चोवीस वर्षं ट्यूब पाण्यात बुडवून
बुडबुडा कुठून येतो तेवढंच पाहिलं.

सुहानीच्या गळ्याला नागपूरच्या मेडिकलात भोक पाडलं
तेव्हा ती अकरा महिन्यांची.
डॉक्टरीण म्हणाली, श्वास आता इथून.
नळी दाखवली. मी म्हणालो, समजलं.
बायको माझ्याकडे पाहत राहिली,
याले काय समजलं?

रात्री नळी खरखरते.
झोपेतच माझा पाय पंपावर जातो.
हा पंप ओढतो, भरत नाही. उलटा धंदा.
एकदा मध्यरात्री वॉशर फाटलं, लाइन गेलेली.
सायकलच्या पंपाचं कातडी वॉशर तेलात भिजवून बसवलं.
अजून तेच आहे.

सहाची झाली तशी शाळेत नेली.
हेडमास्तर भला माणूस. चहा पाजला. मग म्हणाला,
"ढोके, काही झालं तर?"

पंचायत समितीत बाबूनं यादीवरून पेन फिरवलं.
नळीचा रकानाच नव्हता.
"मुकी लिहू?"
मुकी नाही साहेब, बोट ठेवलं की बोलते.
"कुठं बोट?"
सुहानीनं तर्जनी नळीवर दाबली
अन् म्हणाली, "पंखा लावा न."
बाबूनं उठून पंखा लावला.
रकान्यात 'इतर' लिहिलं. त्यालाही पाच खेपा.

मडावी बाई शाळा सुटल्यावर दुकानात आल्या.
"मले शिकवता का?"
पर्स स्टुलावर ठेवली, बाह्या वर केल्या.
सुहानीच्या बाहुलीच्या गळ्याला मी तापल्या सुईनं भोक पाडलं.
सुहानी रडली. ते मला अजून लागतं.
सात दिवस बाहुली. आठव्या दिवशी सुहानी.
बाईंचा हात हलला नाही.
नंतर मागच्या बाभळीखाली जाऊन ओकल्या,
तोंड धुतलं, विचारलं, "उद्या किती वाजता?"

पाल उचलून मी शाळेच्या गेटासमोर आणलं.
फाट्यावर ट्रकचे पैसे होते,
इथं पोरांच्या सायकली, हवेचीही उधारी.
बायको कापूस वेचून येते, उंबऱ्याबाहेर थांबते,
पदर झटकते, केसांतलं एकेक तूस काढते.
तिची ही दुसरी वेचणी.
एकही तूस नळीत जायला नको.

सकाळी हजेरी होते. मी ट्यूब पाण्यातच धरून ठेवतो.
खिडकीतून नावं येतात. कोवे. कुमरे. टेकाम.
सुहानी ढोके.
मग काहीच नाही.
तिचं बोट वर जायला जेवढा वेळ लागतो
तेवढा वेळ घमेल्यातलं पाणी हलत नाही.
"हजर."
फाटका आवाज, शिट्टीसारखा.

काल तिच्या वर्गातली तीन पोरं आली.
"काका, आमालेही गळ्याले बटन बसवून द्या."
म्हटलं, माझ्याकडे फक्त सायकलीची हवा भेटते.
"मंग इले कुठून भेटलं?"
सुहानी मागेच उभी होती.
बोट ठेवलं, मान ताठ केली.
"नागपूरहून. लय महाग हाय."