पाऊण इंच

लिबेराताचा डावा पाय पाऊण इंच आखूड.
हे देवाला ठाऊक, तिच्या आईला ठाऊक,
आणि मला,
कारण घेर मी मापतो.

म्हापशाच्या बाजारात, केळीवाल्यांच्या मागं
माझं दुकान. पायाचं मशीन,
खालच्या कोपऱ्यात पारा उडालेला आरसा,
खडू ठेवायला बिस्किटांचा डबा.
ती पहिल्यांदा आली तेव्हा समोरच्या चष्म्याच्या दुकानात
आठ तास उभी असायची,
गिऱ्हाइकांना फ्रेमा लावून दाखवायची.
लोक फ्रेम सोडून तिलाच बघत बसायचे
नि न शोभणारा चष्मा घेऊन घरी जायचे.

मी गुपचूप डावीकडे पाऊण इंच जास्त दुमडायचो.
सहा वर्षं.
तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही.
शिंप्याचं खोटं असंच असतं,
आतल्या बाजूनं, बारीक टाक्याचं,
कापडाच्याच रंगाच्या दोऱ्यानं.

मग पणजीचा कुणी फोटोवाला चष्मा करायला आला
आणि पुढचं तुम्ही होर्डिंगवर पाहिलं असेल,
पर्वरीच्या चढावर, पावसाळाभर.

त्या झग्याचा रंग पिवळा.
हळदीचा नव्हे, आंब्याचा नव्हे,
रस्ता खणताना लावतात त्या पाटीचा.
घालून ती आरशासमोर उभी राहिली,
खाली वाकली, घेर उलटा करून पाहिला.
बराच वेळ पाहिला.
माझ्या तोंडात टाचण्या होत्या,
त्या असल्या की माणसाला उत्तर द्यावं लागत नाही.

"मेस्ता," ती म्हणाली, "हें सोड."

मी उसवलं.
एकेक टाका निघताना टिक् असा आवाज होतो,
तो मी इतकी वर्षं ऐकलाच नव्हता.

मांडवीकाठच्या जुन्या गोदामात तो कार्यक्रम.
जनरेटरची घरघर, खुर्च्यांवर पाठीला पाठ न टेकणारी माणसं.
इतर मुली मोजून चालल्या,
पाढे म्हणावेत तशा, एकही न चुकता.
मग ही.
उजवा पाय पडला.
डावा उशिरा आला,
अर्ध्या श्वासानं.
तेवढ्या फटीत सगळं गोदाम अडकलं.

ती हसली नाही. रागावलेलीही नव्हती.
मागून कुणी हाक मारली आहे
आणि वळायचं की नाही, वळायचं तर कधी,
हे जिचं तिनं ठरवलं आहे
तशी ती टोकापर्यंत गेली.
डावीकडची झालर गोदामाची धूळ ओढत होती.
तिनं ती उचलली नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं,
तिरप्या घेराचा नवा जमाना.
आठवड्यात माझ्या पायरीवर पोरींची रांग:
"मेस्त, डावीकडे पाऊण इंच खाली सोड हं."
मी सोडतो. पैसे घेतो.
त्या बाहेर पडतात सरळ पायांवर तिरपे झगे घालून
आणि बाजाराच्या कोपऱ्याशी पोचेस्तोवर
झालर चिमटीत धरून चालू लागतात.
काय कमी पडतं ते मला कळतं,
पण ते माझ्याकडे मीटरवर मिळत नाही.

गेल्या महिन्यात ती आली, पँट घेऊन.
मी खडू हातात धरून थांबलो.
"दोन्ही सारखे काप," ती म्हणाली.
म्हटलं, डावीकडे बुटावर कापड गोळा होईल.
"होऊं दी," म्हणाली,
"तो धाकटा.
घरात धाकट्याला थोडं जास्तच वाढतात ना?"

सुट्टे मोजून घेतले, एक रुपया कमी होता, तो मागून घेतला,
आणि गटारावरची फळी ओलांडून रस्त्यात उतरली.
एक स्कूटरवाला हॉर्नवर अंगठा ठेवून आला
आणि का कोण जाणे, अंगठा काढून थांबला.
ती तिच्या वेळेनं गेली.

मी चिंध्या झाडल्या.
खडू कुठं ठेवला तो काही केल्या सापडेना.