उणे दहा

फळ्यावर गणित लिहिलं:
एका आयताकृती खोलीची लांबी
रुंदीपेक्षा दोन फुटांनी जास्त.
क्षेत्रफळ ऐंशी चौरस फूट.
तर लांबी आणि रुंदी काढा.

खडू खाली ठेवला नव्हता तोच
मागून हणमंत लोखंडे म्हणाला,
"आठ बाय दहा, सर.
मुलांची बेडरूम. घोडबंदरला सगळीकडे हेच."

वय एकेचाळीस. नखांत पांढरं सिमेंट.
दिवसभर कासारवडवलीच्या टॉवरमध्ये
एकोणिसाव्या मजल्यावर गुडघ्यांवर चालतो,
रात्री चरईतल्या आमच्या शाळेत
दिवसा सातवीची पोरं बसतात त्या बाकात
तेच गुडघे कोंबून बसतो.
दहावी झालास की सुपरवायझर करतो,
असं कुणीतरी म्हणालंय त्याला.

मी म्हणालो, उत्तर बरोबर,
पण उत्तराला एकच मार्क.
बाकीचे तीन वाटेचे.
मानू, की रुंदी क्ष.

"माहीत असताना मानायचं कशाला?"

वर्ग हसला. मलाही नीट सांगता येईना.
म्हटलं, सगळ्याच खोल्या आठ बाय दहा नसतात.
एखादं वेडं माप येतं, नजर चुकते.
तेव्हा एका अक्षराला म्हणायचं,
बाबा, तूर्त तू हो ती भिंत,
आणि खरी भिंत सापडेपर्यंत
त्याच्याशी भिंतीसारखंच वागायचं.

त्यानं मान डोलावली,
मिस्त्री आर्किटेक्टपुढे डोलावतो तशी.

क्ष गुणिले कंसात क्ष अधिक दोन,
बरोबर ऐंशी.
कंस सोडवला. ऐंशी अलीकडे आणले, चिन्ह बदललं.
"पाच टक्के तुटफूट धरायची का?"
नाही. पुस्तकातल्या खोलीत टाइल फुटत नाही.
ऐंशीचे अवयव पाडले, दहा नि आठ, फरक दोन.
क्ष बरोबर आठ
किंवा क्ष बरोबर उणे दहा.

आणि मग ते वाक्य, जे बावीस वर्षं
मी खडू न उचलता लिहीत आलोय:
रुंदी ऋण नसते,
म्हणून उणे दहा ग्राह्य नाही.

घंटा झाली. बाकं रिकामी झाली.
तो वही धरून टेबलाशी उभा.
"सर, ह्याला बाहेर काढला खरा.
पण दहा तर आपलीच लांबी आहे.
परका असता, तर त्याला
आपल्या खोलीचं माप कुठून कळलं असतं?"

उद्या बघू, म्हणालो. दिवे घालवले.

कळव्याच्या बसमध्ये तिकिटाच्या मागे मांडून पाहिलं.
रुंदी उणे दहा, तर लांबी उणे आठ.
दोननं जास्तच की.
गुणाकार ऐंशी, तोही अधिक.
म्हणजे एक अख्खी खोली,
कोपऱ्यातल्या शून्याच्या पलीकडे,
लांबीची रुंदी नि रुंदीची लांबी करून
इतकी वर्षं तिथं होती
आणि मी दरवर्षी जूनपासून मार्चपर्यंत
तिला कुलूप लावत होतो.
खाडीपूल कधी गेला, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याला आकृती काढून दाखवली.
तो काही चकित झाला नाही.
"म्हणजे बी विंग," म्हणाला.
"ए विंगच्या पाठीला पाठ लावून उलटा फ्लॅट.
टाइल तेवढ्याच लागतात, फक्त दार चुकतं.
नवा पोरगा असला की एचे तुकडे बीसाठी कापून बसतो."

सहामाहीत त्यानं सगळं रीतसर लिहिलं.
मानू, समीकरण, अवयव,
ग्राह्य नाही, खाली दोन रेघा.
चारपैकी चार.
समासात मात्र पेन्सिलीनं
एक लहानशी खोली काढली होती,
आकृतीत दाखवायला सांगितली नव्हती ती.
बोर्डाच्या पेपरात असलं काही चालत नाही,
हे सांगायला त्याला बोलावलं,
आणि विचारलं भलतंच:
हिला खिडकी का दिलीस?

"त्या बाजूनं खाडी दिसते, सर.
ए विंगमधून नाही दिसत."