कुपी क्रमांक एकशे अडतीस

सेगेदच्या इस्पितळात, चौथ्या मजल्यावर, रात्रपाळी माझी.
तिसा नदी इथून दिसत नाही,
पण केलेमेन बोदो म्हणतो, तिचा वास येतो.
नाकात नळी असलेल्या माणसाला कसला वास?
मी काही बोलत नाही.
एकतीस वर्षं तो तिच्या मातीच्या बांधावर
राखणदार होता.

पित्ताचा खडा, मसुराएवढा,
चुकीच्या वळणावर अडकला
आणि स्वादुपिंड स्वतःलाच पचवायला बसलं.

पहिले पाच दिवस कुंपणानेच शेत खाल्लं.
ज्या पेशी पहाऱ्याला ठेवलेल्या, त्याच मशाली घेऊन निघाल्या.
शत्रू कुणी नव्हताच,
तरी त्या फुप्फुसात घुसल्या, मूत्रपिंडाची दारं फोडली.
शिरा पाझरल्या, आम्ही सलाईन ओतत राहिलो
आणि तो फुगत गेला.
लग्नाची अंगठी कापावी लागली.
दोन तुकडे एटेलने रुमालात बांधून नेले.

मग ताप उतरला.
"बरं लक्षण ना?" एटेलने विचारलं.
माझ्या खिशात प्रयोगशाळेचा कागद होता:
ज्या खुणेने मोनोसाइट पेशी परक्याची ओळख पटवून देतात,
ती खूण शंभरातल्या एकोणीस जणींवरच उरलेली.
बाकीच्या जाग्या होत्या. बघत नव्हत्या.
आता आतड्यातला एखादा जंतू
चपला हातात घेऊन निघाला असता,
किंवा चपला वाजवत,
तरी कुणी "कोण?" म्हणून विचारलं नसतं.

डॉक्टर साबादोशना मी एकदा विचारलं,
आग होती तेव्हा विझवायचं औषध का नाही दिलं?
ते चष्मा पुसत राहिले.
"विझवायला गेलो की चूलही विझते, झोका.
कधी विझवायचं आणि कधी फुंकर घालायची,
ती तारीख रोग्याच्या अंगावर लिहिलेली नसते."

मग संमतीपत्र.
सात दिवस, सकाळ-संध्याकाळ, दंडात एक टोचणी:
पहारेकऱ्यांना हलवून उठवणारं औषध,
किंवा मिठाचं पाणी.
कुणाला काय, ते संगणकाला ठाऊक.
डॉक्टरांना नाही, मला नाही.
बोदोने सही केली, शेवटच्या अक्षरावर शाई फुटली.

एकशे अडतीस क्रमांकाच्या कुप्या त्याच्या.
एकशे एकोणचाळीस, सहाव्या खाटेवरच्या लुइझाच्या.
वय सत्तावीस. बेकरीत कामाला.
ती आली तेव्हा रक्त दुधासारखं पांढुरकं होतं
आणि नखांत पीठ.
मी दोघांची एकेक कुपी दिव्यापाशी धरून पाहिली.
असं करू नये.
काही दिसलंही नाही.

चोविसाव्या दिवशी
लुइझाच्या पोटातल्या मेलेल्या मांसात जंतू शिरले.
पाठीतून नळी घातली, पू काढला, पुन्हा काढला.
रविवारी पहाटे ती गेली.
बोदो चाळिसाव्या दिवशी उठून बसला,
गाजराचं पातळ सूप प्यायला,
मीठ नाही म्हणून कुरकुरला.

"झोका, माझ्या कुपीत काय होतं?"
"लिफाफे दोन वर्षांनी उघडतील."

तो बराच वेळ दंडावरचे पिवळे डाग चोळत होता.
"एका पुरात," तो म्हणाला,
"आम्ही अकरा रात्री वाळूची पोती रचली.
बाराव्या पहाटे पाणी हातभर उतरलं.
टोप्या उडवल्या आम्ही. पालिंका प्यायलो.
गावच्या पाद्र्याने आमचे हात चुंबले.
दुपारी कळलं,
वरच्या अंगाला, पलीकडच्या काठाचा बांध फुटला होता."

सहाव्या खाटेवर तेव्हा
घडी न मोडलेली चादर होती.
तिच्याकडे न बघता त्याने विचारलं,
तिचं नाव काय होतं.

मी सांगितलं.
मग थंड कपाटाचं दार उघडून रात्रीची मोजदाद केली.
एकशे चाळीसच्या खोक्यावर
अजून कुणाचं नाव नव्हतं.