मान्यतेस्तव सादर

"ओव्हाळबाई, टिपणी आजच हवी."
बेलापूरच्या पाचव्या मजल्यावर
वीजबचत म्हणून साडेचारला एसी बंद करतात,
तेव्हाच नेमकी टेबलावर येते कोरी नस्ती.
विषय क्रमांक चौदा:
जल मंडळाचे कार्यकारी संचालक
श्री. रांगणेकर यांना
पदावर राहिल्याबद्दल
प्रोत्साहनपर रक्कम.

राहिल्याबद्दल.
शब्द दोनदा टाइप केला, दोनदा खोडला.
डब्यात भात राहतो.
शिकायचं राहून जातं.
घणसोलीला माझी बहीण राहते,
भाड्याने, अकरा-अकरा महिने.

आता रिक्षा सिग्नलला नुसती उभी राहिली
तरी मीटर पडतच राहतं,
आपण कुरकुरतो आणि देतो.
मग साहेबांनाच का नाही?

खरं सांगायचं तर माणूस वाईट नाही.
आमच्या दिघ्याला सहा वर्षं टँकर यायचा.
यांनी पारसिकच्या पायथ्याने लाइन आणली,
स्वतः चिखलात उतरले, बुटांसकट,
फोटोवाला नव्हता तेव्हा.
माझ्या मोरीत सहा-दहाला पाणी येतं
ते त्यांच्या सहीचं आहे.
आणि ऐरोलीच्या एका काचेच्या इमारतीतून
त्यांना दुप्पट पगाराचं पत्र आलंय,
तेही त्यांनी दडवलं नाही.
नस्तीला जोडलंय. परिशिष्ट ब.

तरी हात अडतो.
अक्षरी रुपये बेचाळीस लक्ष फक्त.
रकमेपुढे फक्त लिहायचंच असतं,
मागाहून कुणी काही घुसडू नये म्हणून.
सत्तावीस वर्षं मी फक्त लिहितेय.
मयताच्या वारसास, फक्त.
व्हॉल्व्हमन जोमा भोईर, ठेकेदारामार्फत,
रोज सहाशे चाळीस, फक्त.

जोमा कोपरखैरण्याचा.
त्याच्या बापाची भातशेती होती तिथे आता सेक्टर आहे
आणि सेक्टरला आकडा.
दर तीन वर्षांनी ठेकेदार बदलतो, जोमा तोच.
कागदावर मात्र तो दर वेळी नव्याने कामाला लागतो,
त्यामुळे तो राहिला
असं कुठेच दाखवता येत नाही.

चहाच्या टपरीवर विचारलं त्याला,
सोडून जातो असं तू कधी म्हणाला नाहीस?
"कुठं जाव गो बाय?"
मग साहेबांचा विषय ऐकून म्हणाला,
"देऊं दे की त्याला. पाइप त्याने टाकला.
मना बॅटरीचे दोन सेल पायजेत,
दिवालीपासून मागतंय."

लिहिलं शेवटी. लिहायचं ते सगळं:
अनुभवी नेतृत्व, सातत्य, प्रकल्पाचे हित,
तीन वर्षांच्या आत गेल्यास रक्कम वसुलीस पात्र.
चौथ्या वर्षाबद्दल परिपत्रक गप्प आहे,
मीही गप्प राहिले.
फक्त अभिप्रायाच्या रकान्यात, तळाशी,
एक ओळ माझी:
सोबत प्रलंबित मागणी, बॅटरी सेल, नग दोन.

सभा सतरा मिनिटं चालली, वडे धरून.
विषय चौदा एकमताने मंजूर.
सेलांपुढे लाल शाई:
तरतूद तपासून फेरसादर करावे.

साहेब लिफ्टमध्ये भेटले.
टिपणी चांगली झाली, म्हणाले,
आणि मनापासून म्हणाले,
हाच तर घोळ आहे.

पहाटे पाचला सेक्टरच्या कोपऱ्यावर
जोमा आधी झाकणावर काठी आपटतो,
आत कधी जनावर असतं.
मग अंधारात हात घालतो
आणि आटे मोजतो, मनात नाही, मोठ्याने,
आठ, नऊ, दहा.
अकरावा अडतो.
तिथे जोर लावायचा नाही, म्हणतो.
तिथे जरा थांबायचं.